अव्वाचं ताट कोणतं?

हुरडा आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी दचकते.

परवा वाचनालयातून घरी येताना चौकातल्या हातगाडीवर हुरडा दिसला. ओल्या फडक्याखाली झाकलेले हिरवे, कोवळे दाणे, शेजारी शेंगाच्या चटणीचं पातेलं आणि गुळाचे खडे. गाडीवाला म्हणाला, "घ्या की ताई, लई गोड हाय." त्याचं काही चुकलं नव्हतं. हुरडा गोडच असतो, तो गोड आहे असंच सांगून विकतात. पण तो शब्द ऐकला आणि मी न घेताच पुढे निघाले. मागून तो म्हणालाच, "नुस्ता वास घ्यायला येत्यात."

आमच्याकडं थंडी येते ती पाहुण्यासारखी. आली म्हणेपर्यंत निघायची घाई. पण तेवढ्या दिवसांत ज्वारी कमरेच्या वर जाते, रानात पाखरं हाकायची हाळी उठते, वळसंगच्या रस्त्याला गोवऱ्यांचा धूर दिसायला लागतो. येळ अमावस्येला रानात जेवण, संक्रांतीला शेंगापोळी, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत भजी आणि घरी आल्यावर हुग्गी, खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. सगळा हंगाम खाण्याचाच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझाही तो सगळ्यांत आवडता होता.

घरात आम्ही तिघं. अप्पा, अव्वा आणि मी. मूळचे आम्ही वळसंगकडचे, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, म्हणून आई आमची अव्वा. अप्पांनी उभी हयात मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलली आणि तोलली. आता पाठ गेली, म्हणून एका अडत्याच्या गोदामावर राखण करतात. मी वाचनालयात अर्धा दिवस काउंटरवर बसते. लग्न झालेलं नाही, म्हणजे गल्लीच्या भाषेत मी 'राहिलेली'. राहिले ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर त्या हंगामात फोन कोण धरणार होतं?

अव्वाला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, तीही चालत होती. त्या वर्षी दिवाळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. तिला कळलंच नाही. कळलं ते मला, फरशीवर उमटलेल्या ओल्या डागांवरून. मी तिचा पाय उचलून पाहिला आणि दचकून सोडून दिला. एवढी जखम, आणि ही बाई त्या पायावर उभी राहून भाकऱ्या थापत होती!

"दुकत न्हाय का गं?"

"न्हाय की. दुकलं आसतं तर बोलले नसते व्हय?"

धर्मादाय दवाखान्यातले डॉक्टर सभ्य होते. त्यांनी जखम धुतली, कागद वाचले आणि बाजारभाव सांगावा इतक्या सहज सांगितलं, "साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर थांबलं तर बरं, नाहीतर पाऊल." अव्वा त्यांच्याकडं न बघता माझ्या ओढणीचा निघालेला दोरा तोडत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "अंगठा नसला तर जोडवं कुटं घालायचं गं?" जोडवं अंगठ्यात घालत नाहीत हे तिला काय माहीत नव्हतं?

तिथल्याच एका मुलीनं आमचं नाव फोनवरच्या वर्गात घातलं. साखरेच्या गरीब पेशंटांसाठी फुकट स्वयंपाकवर्ग. दर बुधवारी दुपारी फोन लावायचा, समोर चूल ठेवायची, पुण्याहून एक मॅडम शिकवणार. स्वयंपाक शिकायचा तोही अव्वानं! गल्लीत लग्न निघालं की हुग्गीचं प्रमाण तिला विचारून घेतात. ती रुसेल असं मला वाटलं होतं. पण ती पहिल्या बुधवारी नवं लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून फोनपुढे बसली. शाळेत कधी गेली नव्हती, वर्ग म्हटल्यावर तिला त्याचंच अप्रूप.

शेजारची नसीमखालाही यायची. तिलाही साखर आणि तिच्याकडं फोन नाही. आपला पाट आपण घेऊन यायची. मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला की पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत बायका उगवायच्या. कुणी करमाळ्याची, कुणी वेळापूरची, कुणी इथलीच विडीवाली, मांडीवर सूप घेऊन पानं कापत ऐकणारी. मधल्या चौकोनात स्नेहलमॅडम. त्यांची चूल इतकी पांढरीशुभ्र की नसीमखालानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "ये इसपे सच्ची पकाती क्या गे, के खाली दिखाने का?" फोन चालू होता. मॅडमनी ते ऐकलं आणि खळखळून हसल्या. तिथंच आमचं जमलं.

बाई हुशार होत्या. नको ते महागडं काही सांगितलं नाही. तुमच्याकडं आत्ता काय मिळतं, असं विचारायच्या आणि मग चाकवत, करडईची भाजी, अंबाडी यांचंच काही ना काही करायला लावायच्या. डाळ घट्ट करा, भाकरी पातळ थापा, आधी भाजी खा मग भाकरी. अव्वा मान हलवायची आणि तसंच करायची. चहातली साखर तिनं पहिल्या दिवशी सोडली. गुळाचा डबा स्वतःच्या हातानं माळ्यावर चढवला. अप्पांना लागला तर मी काढून द्यायचा, तिनं हातसुद्धा लावायचा नाही, असं तिनंच ठरवलं.

आणि साखर तसूभर हलली नाही.

दवाखान्यात बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब, यंत्रावरचा आकडा, डॉक्टरांचा सुस्कारा. गोळ्या वाढल्या. मग इंजेक्शन आलं. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. त्या दिवसांत आमच्या घरात दोन वास एकमेकांत मिसळलेले असायचे, संक्रांतीसाठी भाजलेल्या शेंगांचा आणि ड्रेसिंगच्या औषधाचा. अजून कुठं शेंगा भाजल्या की मला तो दुसरा वास आपोआप येतो.

मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, गोड पोटात जातंय का कुठून? रागावणार नाही मी."

"न्हाय, मॅडम. सिद्धरामेश्वराची शपथ हाय. मी काय बी वाढून घेतलेलं न्हाय."

अव्वा देवाची खोटी शपथ घेणारी बाई नाही. मीही फोनमध्ये तोंड घालून सांगितलं की खरंच नाही खात, जेवायच्या वेळी मी घरातच असते की. मी डॉक्टरांवर संशय घेतला, गोळ्यांवर घेतला, ज्वारीवर घेतला, त्या बिचाऱ्या चाकवतावरसुद्धा घेतला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशी गत चालली होती.

मग ताटाचा बुधवार आला.

मॅडम म्हणाल्या, "आज शिजवायचं काही नाही. आज प्रत्येकीनं आपापलं जेवायचं ताट घेऊन बसा. रिकामं. खडूनं त्याचे भाग पाडू. अर्ध्यात भाजी, पावात भाकरी, पावात डाळ. रोज ती रेघ आठवून वाढून घ्यायचं." किती सोपं. मी खडूसुद्धा आणून ठेवला होता. अव्वा उठली, मांडणीपाशी गेली. तिथं उभी राहिली. एक ताट काढलं, परत ठेवलं. वाटी काढली, परत ठेवली. शेवटी अप्पांचं मोठं स्टीलचं ताट घेऊन आली, लग्नात तिच्या मामानं दिलेलं, काठावर त्याचं नाव कोरलेलं.

"काकू, हे तुमचं ताट?"

"ह्यांचं हाय."

"तुमचं आणा ना."

"ह्येच की."

"म्हणजे?"

अव्वाला प्रश्नच कळेना. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं. "ह्यांचं जेवण झालं की मग मी. ह्यांच्याच ताटात. आमच्यात तसंच असतंय."

तेवढ्यात वेळापूरची बाई म्हणाली, "आमचं बी तसंच हाय." मग करमाळ्याची. विडीवाली सुपातून वर न बघता म्हणाली, "माझं ताट न्हाय. मी पातेल्यातच खाते." पडद्यावरच्या निम्म्या बायका कुणाची ना कुणाची ताटं घेऊन बसल्या होत्या. एकीनं मुलाचं आणलं होतं, एकीनं सासऱ्याचं.

मी तिथं उभी होते आणि माझे कान तापले होते. जन्मल्यापासून मी त्याच स्वयंपाकघरात वावरले. अप्पा उठतात, अव्वा त्याच पाटावर बसते, त्याच ताटात जेवते, हे मी रोज पाहिलंय. पाहिलंय म्हणजे, डोळ्यांपुढून गेलंय. वाचनालयात बायकांच्या सोसण्यावरची जाडजूड पुस्तकं मीच नंबर घालून कपाटात लावते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून निराळा काय असणार?

मॅडमनी सावरून विचारलं, "मग काकू, तुम्ही बसता तेव्हा ताटात आधीचं काही असतं का?"

अव्वा लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखा पदर सारखा केला. "असतंय की. ठेवत्यात माझ्यासाठी."

"काय ठेवतात?"

"गोडाधोडाचं असलं की निम्मं ठेवत्यात. लग्न होऊन आल्यापासनं."

"पण तुम्ही तर गोड खात नाही म्हणालात."

"मी वाढून घेत न्हाय, मॅडम," अव्वा शांतपणे म्हणाली. "ताटात आलेलं टाकायचं नसतंय. त्यो प्रसादच की."

तिनं खोटी शपथ घेतलीच नव्हती. तिच्या लेखी खाणं म्हणजे आपल्या हातानं डब्यातून काढून घेणं. नवऱ्याच्या ताटात उरलेलं तिच्या खाण्यात कधी धरलेलंच नव्हतं, तिनंही नाही आणि आम्हीही नाही. नसीमखाला पुटपुटली, "या अल्ला." फोन बंद झाल्यावर अव्वा ताट पुसून जागेवर ठेवून शेंगा निवडायला बसली.

त्या संध्याकाळी अप्पा जेवायला बसले तेव्हा मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाला जेवताना नीट पाहिलं. संक्रांत दुसऱ्या दिवसावर आलेली, शेंगापोळ्या झालेल्या, त्यांचा गूळ मीच काढून दिलेला. अव्वा चुलीपाशी, पाठमोरी. अप्पांनी भाजी-भाकरी खाल्ली. शेंगापोळी मोडली, अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्धीवर वाटीतलं तूप ओतलं. बोटानं ते सगळीकडं पसरलं. मग भाकरीचा एक तुकडा घेतला आणि तो त्या पोळीवर अलगद झाकला, थंड होऊ नये म्हणून. इतक्या मायेनं की मला हुंदका फुटणार होता, पण फुटली ती किंकाळी.

"अप्पा! ते काय करताय?"

ते दचकले. "काय करतोय? हिच्यासाठी ठेवतोय."

"तिला साखर हाय, अप्पा!"

"ठाऊक हाय की. म्हणून तर बाहेरचं काय आणत न्हाय. घरचा गूळ हाय ह्यो. साखर कुटं हाय त्यात?" मग आवाज उतरवून, मला विश्वासात घेतल्यासारखं म्हणाले, "लई वाळली गं ती. आजार झाल्यापासनं मी जरा जास्तच ठेवतो. ताकद नको व्हय?"

मी खाली बसले. त्यांना सगळं सांगितलं. गूळ म्हणजे काय, तूप-पोळी म्हणजे काय, यंत्रावरचा आकडा का उतरत नाही ते. अव्वा मध्ये एकदा म्हणाली, "राहू दे गं, जेवू दे त्यास्नी." अप्पा ऐकत होते. त्यांचा हात ताटातच होता, त्या झाकलेल्या तुकड्यावर. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे अंगठा मी काढायला लावत हुतो?"



दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताट चाटूनपुसून खायला सुरुवात केली. संक्रांतीची पोळी, भाजीचा रस्सा, शेवटचा भाकरीचा कोर, सगळं. पोट भरलं तरी रेटायचे, काही उरू नये म्हणून. मग ताट स्वतः मोरीत नेऊन विसळायचे. मला वाटलं, सुटलो. मी तर मॅडमना आनंदानं फोन केला.

नसीमखालानं मला गल्लीच्या नळावर गाठलं. "तेरी माँ रोरी थी. कल बी रोई. मेरेकू बोली, किसीकू नक्को बोल."

घरी येऊन मी विचारलं तर अव्वा आधी कबूलच होईना. मग म्हणाली, "माझं काय चुकलं गं? आजारी पडले म्हणून?"

"कशाचं काय चुकलं?"

"धुतलेलं ताट माझ्यापुढं येतंय. एक कोर सुद्धा ठेवत न्हाईत. परक्याच्या घरी जेवाया बसल्यागत वाटतंय."

मी समजावलं. साखर, आकडा, अंगठा, मॅडम. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडमचं खरं हाय. पण ते खाणं न्हवतं गं." अप्पा कधी तिच्याशी चार शब्द गोड बोलले नव्हते. भांडणं झाली, अबोले झाले, पण त्या भांडणातही ताटात काहीतरी उरलेलं असायचं. त्यांचं सगळं बोलणं तेवढंच होतं. औषध म्हणून आम्ही तेच बंद केलं होतं.

अप्पांनी गड्ड्याच्या जत्रेतून तिच्यासाठी ताट आणलं, लहान, काठाचं. अव्वानं हळदकुंकू लावून ते मांडणीवर वरच्या फळीवर ठेवलं, पाहुण्यांसाठी. मी खाली काढलं, तिनं वर ठेवलं. तिला उभ्याउभ्या कढईतलं खाताना मी पकडलं तेव्हा मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं मात्र रोज मला विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का?

जखम भरायला उन्हाळा उजाडला. आकडा उतरला, हळूहळू, रुसवा उतरावा तसा. अंगठा राहिला. नख गेलं ते गेलं, अजून ती मोजा घालूनच चालते. डॉक्टर म्हणाले, नशीब. असेलही. आता ती बुधवारी नव्या बायकांना ताट कसं वाढून घ्यायचं ते दाखवते, आणि अप्पा गोदामावरून येताना गोडाऐवजी काकडीसारखी वाळकं आणतात. लोक मला म्हणतात, चांगला झाला तुमच्या फोनवरचा वर्ग. झालाच. मी कुठं नाही म्हणते.

पण मला तो हंगाम आठवतो तो अंगठ्यासाठी नाही. त्याच हंगामातल्या शेवटच्या एका बुधवारसाठी.

मॅडमनी त्या दिवशी वर्ग जेवणाच्या वेळेला ठेवला. म्हणाल्या, आज सगळ्यांनी फोनसमोर जेवायचं. एकाच वेळी, आपापल्या ताटात, घरातल्या माणसांबरोबर. अव्वानं आधी नकारच दिला. ह्यांच्या आधी कशी बसू? अप्पा गोदामावरून मुद्दाम आले होते. त्यांनी वरच्या फळीवरचं ताट स्वतः काढलं, आपल्या ताटासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आधी नगं बसू. संगट बस." अव्वा बसली, पण पाटाच्या कडेवर, कधीही उठून चुलीकडं जाता येईल अशी. तिला उठता येऊ नये म्हणून चुलीपुढं मी बसले.

माझी भाकरी ओबडधोबड होते. एक करपली, एक फाटली. तिसरी टम्म फुगली. तव्यावरची काढून मी तशीच अव्वाच्या ताटात टाकली. तिनं सवयीनं ती उचलून अप्पांच्या ताटात ठेवायला हात केला. मी ओरडले. ती थांबली. तिनं पापुद्रा फोडला, आतून वाफ आली. करडईच्या भाजीबरोबर घास तोंडात घातला आणि एकदम श्वास ओढून घेतला.

"पोळलं का गं?"

तिनं मान हलवली. तोंड मिटून ती ते चावत राहिली, सावकाश, फोनचं भान नाही, कुणाचंच नाही. चुलीसमोर वाकून वाकून जिचे केस पांढरे झाले, ती बाई पहिल्यांदाच तव्यावरून उतरलेली भाकरी खात होती. घास गिळून तिनं पुन्हा एक तुकडा मोडला, तो बोटांत धरून वाफेकडं बघितलं आणि अप्पांना विचारलं. तक्रार नव्हती त्यात. नुसतं नवल होतं.

"अवो, तुमी रोज अशी खाता व्हय?"